आता तूच सांग

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यातल्या कॉलेजांच्या आवारात पालकांची गर्दी होते. त्या गर्दीत काही पालक जरा बाजूला उभे असतात. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्याबरोबर त्यांच्या हातात आणखी एक जाडजूड फाइल असते. ससूनचा नाहीतर औंधच्या जिल्हा रुग्णालयाचा दाखला, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, जुने रिपोर्ट, शाळेतल्या बाईंनी लिहून दिलेलं पत्र असं सगळं तिच्यात असतं. खिडकीशी नंबर लागला की फाइल आई उघडते आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही आईच देते. मुलगी शेजारी उभी असते, सोळा-सतरा वर्षांची. तिला कुणी काही विचारत नाही.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत अशा कुटुंबांबरोबर बरंच बसते. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. दिव्यांग मुलं शाळेतून कॉलेजात जाताना अडखळतात ती अभ्यासामुळे फार कमी वेळा. शाळेत त्यांच्या वतीने बोलणारं कुणीतरी असतं. कॉलेजात त्यांनी स्वतः बोलायचं असतं, आणि ते त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

शाळेत काय होतं ते बघा. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळा तयार करून मंडळाकडे पाठवते. रायटर, म्हणजे मुलाने सांगितलेली उत्तरं पेपरात लिहून देणारा लेखनिक, शाळा शोधते. जादा वेळ मिळाला की नाही, हे बाई केंद्रावर जाऊन बघतात. समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक येतात, मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता येतो, मुलींना दरमहा २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता मिळतो. आणि या सगळ्यापेक्षा मोलाची असते ती बाईंच्या डोक्यातली माहिती. हा खिडकीकडे पाठ करून बसला तर त्याला फळा दिसतो. हिला दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी निसटते. तो प्रश्न समजल्यावर लगेच बोलत नाही, थोडा वेळ द्यावा लागतो. ही माहिती कुठल्याच दाखल्यावर येत नाही. दाखल्यावर टक्के येतात. मूल शाळेबाहेर पडलं की बाईंना ठाऊक असलेलं सगळं बाईंपाशीच राहतं.

अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शालेय शिक्षणाचा जो केंद्रीय कायदा आहे, त्यात एक तरतूद मला फार आवडते. तिथे अशा प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा असतो. मूल १६ वर्षांचं होईल तेव्हापासून त्या आराखड्यात शाळेनंतर काय, हा भाग असावाच लागतो, आणि त्या बैठकीला मुलाला स्वतःला बोलवावं लागतं. शाळा संपली की तो आराखडाही संपतो. तिथल्या कॉलेजात विद्यार्थ्यानेच आपली गरज सांगायची असते. म्हणजे बदल तिथेही तोच आहे. फक्त तो येणार हे आधी कळलेलं असतं आणि त्याची तयारी शाळेतच सुरू झालेली असते.

आपल्याकडे कायदा कमी आहे असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते आता २१ झाले. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सवलत आहे. अकरावीपासून पुढे केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राज्याच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरही स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रस्त्यावर आहे. शिक्षण मंडळाचं मुख्य कार्यालय इथे आहे, बालभारती इथे आहे. एवढं सगळं हाताशी असलेलं दुसरं शहर महाराष्ट्रात नसेल.

तरी आकडे बघितले की पोटात कालवतं. २०११च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत दिव्यांगांचं प्रमाण २ टक्क्यांहून थोडं जास्त होतं. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी होते सुमारे ४.३३ कोटी, आणि त्यांत दिव्यांग विद्यार्थी ८८ हजारांच्या आसपास. म्हणजे हजारात दोन. कायद्याने जागा ठेवल्या, पण तिथवर पोचणारी मुलं वाटेतच गळतात.

ही गळती अकरावीच्या खिडकीशी सुरू होत नाही. ती आठवी-नववीत सुरू होते. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातच अडचण असलेल्या मुलाला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. ज्याला आकड्यांचाच गुंता सुटत नाही, त्याला ही सवलत म्हणजे खरोखरचा दिलासा आहे, आणि ती टिकलीच पाहिजे. पण एक मुलगा मला आठवतो. त्याची अडचण वाचनाची होती. शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं की तो तोंडी उत्तर सांगायचा. त्यालाही अंकगणितच दिलं, कारण दहावी सुटायला हवी होती. दहावी चांगली सुटली. मग त्याने डिप्लोमाचं नाव काढलं, तेव्हा घरच्यांना कळलं की तो रस्ता दोन वर्षांपूर्वी, एका फॉर्मवर सही करताना बंद झाला होता. सही वडिलांची होती. त्यात वडिलांचा दोष नाही, त्यांना पुढचं कुणी सांगितलंच नव्हतं. पण मुलाला तेव्हा विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं की मला गणित येतं, वाचून दाखवणारं माणूस हवं आहे.

शाखा निवडतानाही असंच होतं. अंध असेल तर कला शाखा, ऐकू येत नसेल तर ड्रॉइंग किंवा कॉम्प्युटरचा एखादा कोर्स, व्हीलचेअर असेल तर जिथे तळमजल्यावर वर्ग असतील ते कॉलेज. कला शाखा मला प्रिय आहे, मी तीच शिकवते. पण ती निवडलेली असावी, उरलेली नसावी.

इथे ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचा खटला मी पालकांना आवर्जून सांगते. त्याला एमबीबीएसला जायचं होतं. वाचा आणि भाषा यांचं त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर मोजलं गेलं आणि नियमाप्रमाणे तो अपात्र ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून वैद्यकीय मंडळाने त्याला तपासलं, तो हा अभ्यासक्रम करू शकतो असं सांगितलं आणि त्याला प्रवेश मिळाला. त्यामागची कारणं देताना ऑक्टोबर २०२४मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ टक्क्यांवरून कुणाला बाद करता येणार नाही, हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो का, हे तपासावं लागेल.  टक्के कागदावर असतात. मूल काय करू शकतं आणि त्यासाठी त्याला काय लागतं, हे मात्र त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक पान लिहायला लावते. ब्रेलमध्ये लिहा, मोबाइलवर बोलून टाइप करा, कसंही, पण स्वतः. त्यात आजाराचं नाव नको, टक्के नकोत. मला काय जमतं, काय जमत नाही आणि तुम्ही काय केलंत तर जमेल, एवढंच. सगळ्यांना हे पान जड जातं. दहा वर्षं त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनीच सांगितलेलं असतं. पहिल्या वेळी बहुतेक जण डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवतात. मग खोडतात, पुन्हा लिहितात. कमी ऐकू येणाऱ्या एका मुलीने शेवटी लिहिलं होतं : ‘मला उजव्या कानाने मशीन लावून ऐकू येतं. तुम्ही माझ्याकडे बघून बोललात तर मी तुमचे ओठ वाचते. फळ्याकडे तोंड करून बोललात तर माझं वाक्य अर्धं जातं. मी परत विचारलं तर रागावू नका. माझा मोबाइल तुमच्या टेबलावर ठेवू द्या, त्यात तुमचं बोलणं लिहून येतं.’ यापेक्षा चांगलं निवेदन कुठलाही तज्ज्ञ लिहू शकणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलचं तिने लिहिलं ते मुद्दाम सांगते. बोललेलं लगेच लिहून दाखवणारी लाइव्ह ट्रान्स्क्राइबसारखी ॲप मराठीतही चालतात. पण भरलेल्या वर्गात, मागच्या बाकावर ठेवलेल्या मोबाइलला पंख्याचाच आवाज जास्त येतो. तो शिक्षकांच्या टेबलावर हवा. म्हणजे तास सुरू व्हायच्या आधी उठून, सगळ्यांच्या देखत पुढे जाऊन तो तिथे ठेवायचा. तंत्रज्ञान फुकट आहे, त्या चार पावलांचं धैर्य मात्र आधी कमवावं लागतं. आम्ही ते रिकाम्या वर्गात करून बघितलं. मी शिक्षिका झाले, तिने फोन आणून ठेवला आणि काय हवं ते सांगितलं. मी मुद्दाम तुटकपणे बोलले. दुसऱ्या वेळी तिने न थांबता सांगितलं.

या सरावाच्या वेळी आईने बाहेर बसावं, अशी विनंती मी करते. ती आयांना फार लागते, आणि मला ते समजतं. दहा-दहा वर्षं पोरीला गाडीवर मागे बसवून शाळेत पोचवलेलं असतं. ससूनच्या रांगेत उभ्या दुपारी काढलेल्या असतात, नोकरी सोडलेली असते. तिच्या बोलण्यामुळेच मूल इथवर आलेलं असतं. एका आईने मला विचारलं, “मॅडम, ती बोलेल हो. पण लोक ऐकून घेतील का?” त्या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “सगळे नाही घेणार. पण तुम्ही काय सगळीकडे असणार आहात का, ताई?” त्या काही बोलल्या नाहीत, पण बाहेर जाऊन बसल्या.

वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. कोरेगाव पार्कची अंध मुलांची शाळा, कोथरूडची मुलींची शाळा, आळंदीची जागृती ही अंध मुलींची शाळा, इथे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुलं येतात. त्यांचं सगळं बालपण एका आवारात जातं आणि ते आवार त्यांना पाठ असतं. मग वय वाढतं, शाळेचं वसतिगृह सोडावं लागतं, आणि जेव्हा आधार सर्वांत जास्त लागतो तेव्हाच राहायची जागाही जाते. मीरा बडवे यांनी विद्यानगरमध्ये उभं केलेलं निवांत अंध मुक्त विकासालय नेमकं याच वळणावर उभं आहे. शाळेबाहेर पडलेल्या अंध तरुणांना पुढे शिकता यावं म्हणून ते काम करतात, ब्रेल पुस्तकं तयार करतात. अशा जागा प्रत्येक जिल्ह्यात हव्या होत्या.

रस्ता शिकणं हा कॉलेजच्या तयारीचा अर्धा भाग आहे, आणि तो मे महिन्यातच उरकावा. मार्च २०२२मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून वनाज ते गरवारे कॉलेज हा पट्टा पुष्कळ सोपा झाला. स्टेशनात लिफ्ट आहे, पायाला कळणारी खडबडीत फरशी आहे, घोषणा आहेत. अवघड भाग स्टेशनबाहेर सुरू होतो. पदपथावर लावलेल्या दुचाक्या, मध्येच आलेला विजेचा डीपी, व्हीलचेअर जाणार नाही इतक्या जवळ रोवलेले खांब. म्हणून पांढरी काठी घेऊन तोच रस्ता पुन्हा पुन्हा चालायचा. आधी कुणाबरोबर, मग कुणीतरी दहा पावलं मागे, मग एकट्याने. कॉलेज सुरू व्हायच्या आधी वर्ग, ग्रंथालय, ऑफिस आणि स्वच्छतागृह यांच्या वाटा पायाखालून जाव्यात. स्वच्छतागृहाचं मी शेवटी लिहिलं, पण मुलींच्या बाबतीत ते पहिलं येतं. व्हीलचेअर आत जाणारं स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाण्याचा घोट न घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पुण्यातल्या जुन्या कॉलेजांच्या दगडी इमारती मला आवडतात, पण त्या पायऱ्यांच्या जमान्यात बांधल्या गेल्या. लिफ्ट बसवायला निधी लागतो, परवानग्या लागतात. एका वर्गाचे तास तळमजल्यावर आणायला मात्र वेळापत्रकावर पेन्सिल फिरवली की झालं, आणि हे मागता येतं हेच मुलांना ठाऊक नसतं.

पुस्तकांचा प्रश्न मराठी माध्यमाच्या मुलांना फार छळतो. बारावीपर्यंत बालभारतीचं एक ठरलेलं पुस्तक असतं, त्याची ब्रेल प्रत किंवा कुणी केलेलं रेकॉर्डिंग कुठून तरी मिळतं. कॉलेजात एक पुस्तक नसतं. संदर्भग्रंथ असतात, अप्पा बळवंत चौकातून आणलेली मार्गदर्शकं असतात, सरांच्या नोट्सच्या झेरॉक्स असतात. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मराठी वाचून दाखवतो, पण मजकूर युनिकोडमध्ये असला तरच. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली नोट आपल्या डोळ्यांना मराठी दिसते. फाइलच्या आत मात्र भलतीच अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर तीच बडबडतो. स्कॅन केलेलं पान तर त्याच्या लेखी नुसतं चित्र असतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला जे सहज मिळतं, त्यासाठी आपल्या मुलांना कुणाच्या तरी आवाजाची वाट बघावी लागते. २०१६ साली सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय मोठा आधार आहे, तिथे नाव नोंदवायचं काम अकरावीतच करून टाकावं. पण वर्गातल्या नोट्स तिथे मिळणार नाहीत. माझ्या सहकाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे : नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा आणि झेरॉक्सला देण्याआधी ती फाइल त्या विद्यार्थ्याला मेल करा. नवीन काही करायचं नाही, फक्त आधी करायचं आहे.

पण सहकाऱ्यांच्या भलेपणावर सगळं सोडता येत नाही. कॉलेजात अशा विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणारा समान संधी कक्ष असेल, तर तो कोणत्या खोलीत आहे आणि तिथे कोण बसतं, हे माहितीपत्रकावर नावासकट छापलेलं हवं. पहिल्या आठवड्यात त्या व्यक्तीने अशा प्रत्येक विद्यार्थ्याला बोलावून, त्याचं पान वाचून, ते त्याच्या सगळ्या शिक्षकांपर्यंत पोचवलं पाहिजे. नाहीतर मुलाला तीच कहाणी आठ जणांना आठ वेळा सांगावी लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ते सांगायचं सोडून देतं. ज्यांची अडचण डोळ्यांना दिसत नाही, ती मुलं तर सगळ्यांत आधी सोडतात. शाळेत ‘सवलतीवाला’ म्हणून चिडवलं गेलेलं असतं, नव्या कॉलेजात कुणाला कळू नये असं त्यांना वाटतं. पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत ती गप्प राहतात. त्यांच्यासाठी मी एवढंच करते, फाइल घरी ठेवू नका, फॉर्मबरोबर जोडून टाका, असं सांगते. वापरायची की नाही, ते नंतर ठरवता येतं. २०२१मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याला हाताने लिहिण्यात खरी अडचण आहे, त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांची रेषा गाठत नसलं तरी त्याला लेखनिक नाकारता येत नाही. हे मुलांना माहीत असलं की त्यांचा आवाज थोडा घट्ट होतो.

आणि लेखनिक. आमच्या बोलण्यात रायटर. शाळेत तो आयता मिळतो, कॉलेजात स्वतः आणायचा असेल तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा लागतो. म्हणजे पदवीच्या मुलीला बारावीपर्यंत शिकलेलं कुणीतरी हवं, तेही सकाळी मोकळं असलेलं, ज्याची स्वतःची परीक्षा त्या आठवड्यात नाही असं. परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘उद्या दहाला रायटर हवा, शिवाजीनगर’ असे निरोप आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. मुख्य परीक्षेला काहीतरी सोय होतेच. वर्गातली मंगळवारची वीस गुणांची चाचणी मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि त्या गुणांनीच पुढे घात होतो. ती तारीख विद्यार्थ्याने आठवडाभर आधी मागून घ्यायची.

रायटर म्हणून जाणाऱ्या मुलामुलींनी एकदा तरी आधी भेटावं. कोण किती वेगाने सांगतं, कोण किती वेगाने लिहितं, याचा मेळ तासाभराच्या सरावात बसतो. इतिहासाच्या पेपरला विज्ञानाचा विद्यार्थी बसला असेल तर व्यक्तींची आणि ठिकाणांची नावं आधी लिहून बघावीत. प्रश्न पूर्ण वाचायचा, गुणांसकट. सुचवायचं काही नाही, चुकतंय असं वाटलं तरी नाही. तासाला किमान वीस मिनिटं जादा असतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास मिळतात. त्यातली शेवटची दहा-पंधरा मिनिटं उत्तरपत्रिका वाचून घेण्यासाठी ठेवायची. हे सगळं विद्यार्थ्याने रायटरला सांगायचं, आईने नाही. आमच्याकडून गेलेली मुलं आता ते सांगतात. नव्याने आलेल्यांना तीच शिकवतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्यातले एक-दोघे माझ्या शेजारी टेबलाशी येऊन बसतात.